कोचला नापास करण्याची सोपी रीत

अमेरिकन फुटबॉलवर मत द्यायला अमेरिकन फुटबॉल कळावा लागतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. तसं असतं तर सोमवारी सकाळी न्यू जर्सीतल्या ऑफिसांत कॉफी पिताना कुणाला बोलायला विषयच उरला नसता. आणि आपल्याला तर हे शिकवावंही लागत नाही. भारतीय संघाची बॅटिंग ऑर्डर आपण गल्लीच्या कट्ट्यावर बसून वर्षानुवर्षं ठरवत आलो आहोत. तिथून उठून एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ३२ संघांकडे वळायचं म्हणजे बदलतो तो फक्त चेंडूचा आकार.

पथ्य एकच पाळा: निकाल लागेपर्यंत तोंड उघडू नका. निकाल लागला की कारण आपोआप सुचतं, आणि ते आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं असंही वाटायला लागतं.

उदाहरणार्थ १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, घ्या. सिअ‍ॅटल सीहॉक्स चार गुणांनी मागे, २६ सेकंद बाकी आणि चेंडू न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या गोलरेषेपासून एका यार्डावर; रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण. जोडीला चेंडू घेऊन पळणारा मार्शॉन लिंच, ज्याला आडवा करताना बचावफळीची दमछाक व्हायची. पण चेंडू लिंचच्या हातात गेलाच नाही. पास फेकला गेला, पेट्रियट्सच्या माल्कम बटलरनं मध्येच घुसून तो पकडला आणि खेळ खलास. हेड कोच पीट कॅरोल आणि आक्रमण सांभाळणारे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेल यांच्या अकलेचं दिवाळं त्या क्षणी अख्ख्या देशाला दिसलं. तुम्हालाही दिसलं. चेंडू हवेत असताना दिसलं नव्हतं, पण ते सोडा.

इथं एखादा आकडेवाला मध्ये तोंड घालेल. सांगेल, की त्या हंगामात लिंचला एका यार्डावरून पाच वेळा चेंडू दिला होता आणि टचडाउन झालं होतं एकदाच. एका यार्डावरून फेकलेला एकही पास तोवर हंगामभरात कुणी पळवला नव्हता. पास नुसता खाली पडला तर घड्याळ थांबतं, लिंचला अडवलं असतं तर ते चालू राहिलं असतं, आणि सीहॉक्सकडे टाइमआउट एकच शिल्लक होता. या गृहस्थाला चहा द्या आणि विषय बदला. असली माणसं फार वेळ बसली तर पक्कं मत हलायला लागतं.

तीन वर्षांनी पुन्हा सुपर बोल, समोर पुन्हा पेट्रियट्स आणि चेंडू पुन्हा एका यार्डावर. फिलाडेल्फिया ईगल्स १५-१२ नं पुढे, मध्यंतराला ३८ सेकंद बाकी, फोर्थ डाउन, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न. शहाणा माणूस अशा वेळी लाथेनं चेंडू खांबांमधून मारून, म्हणजे फील्ड गोल करून, तीन गुण खिशात टाकतो. डग पेडरसन या हेड कोचनं जादूचा प्रयोग लावला. एरवी पास फेकणारा क्वार्टरबॅक निक फोल्स हळूच बाजूला सरकला, चेंडू फिरत फिरत ट्रे बर्टनकडे गेला आणि बर्टननं तो फोल्सकडेच फेकला. फोल्सनं पकडला. अलौकिक प्रतिभा! फोल्सच्या बोटांतून तो निसटला असता तर पेडरसन आयुष्यभर माथेफिरू म्हणून ओळखला गेला असता, पण त्याची आपण चिंता का करावी?

गंमत म्हणजे त्याच सामन्यात, त्याच क्वार्टरमध्ये पेट्रियट्सनंही हाच खेळ करून पाहिला होता. डॅनी अमेंडोलानं आपल्याच क्वार्टरबॅककडे, टॉम ब्रेडीकडे, पास फेकला आणि ब्रेडीच्या हातून तो सुटला. मग पेट्रियट्सच्या कोचमंडळींचं काय? पोरखेळ, अर्थातच. सुपर बोलमध्ये असले चाळे करतात का?

ईगल्सनी सामना ४१-३३ असा जिंकला. फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर पेडरसन आणि फोल्स यांचा पुतळा बसला, त्या चालीआधी मैदानाच्या कडेला दोघांत झालेली कुजबुज जशीच्या तशी. २०२० च्या हंगामात संघानं चार सामने जिंकले, अकरा हरले, एक बरोबरीत सोडवला आणि जानेवारी २०२१ मध्ये पेडरसनला नारळ मिळाला. पुतळा बाहेर, माणूसही बाहेर.

आता कोऑर्डिनेटरकडे वळू. हेड कोचच्या हाताखाली एकजण आक्रमण सांभाळतो, एकजण बचाव. यांच्यामुळे श्रेय आणि खापर वाटायला भरपूर जागा मिळते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबट निघाला तर आचारी वाईट आणि जिलेबी जमली तर यजमानांचा हात सढळ, तोच हा न्याय. आवडता हेड कोच हरला तर कोऑर्डिनेटरनं बुडवलं. नावडता जिंकला तर कोऑर्डिनेटरनं तारलं.

नेमका कॉल कुणाचा होता, ते शोधत बसू नका. काही संघांत प्ले, म्हणजे पुढची चाल, कोऑर्डिनेटर ठरवतो, काहींत हेड कोच स्वतः. मग तो रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये सांगितला जातो, प्ले क्लॉकवर, म्हणजे चाल सुरू करायला दिलेल्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो, आणि त्यानंतर समोरचा बचाव पाहून क्वार्टरबॅक स्वतःच्या अखत्यारीत प्ले बदलूही शकतो. टीव्हीच्या कोनातून तर मागचे बचावपटू बऱ्याचदा दिसतही नाहीत. म्हणजे हुकूम कुणाचा ते आपल्याला माहीत नाही आणि निम्मं मैदान दिसत नाही. मत द्यायला याहून मोकळं वातावरण दुसऱ्या कुठल्या खेळात मिळणार?

पण कोऑर्डिनेटरची पारख करायला संघमालकांकडून शिकावं. सॅन डिएगो चार्जर्सनी २००६ च्या हंगामात १४ सामने जिंकले, दोनच हरले. त्यांच्या लाडेनियन टॉमलिन्सननं ३१ टचडाउनचा विक्रम केला. आक्रमण कॅम कॅमेरॉनच्या हाती होतं, तेव्हा विक्रम खरा त्याचाच, असा अर्थ मायामी डॉल्फिन्सनी काढला आणि त्याला हेड कोच केलं. टॉमलिन्सन मात्र सोबत मिळाला नाही. डॉल्फिन्स एक सामना जिंकले, पंधरा हरले. इकडे चार्जर्सनी १४-२ वाला हेड कोच मार्टी शॉटनहायमर यालाच काढून टाकलं, कारण प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात संघ तीन गुणांनी हरला होता आणि जनरल मॅनेजरशी त्याचं पटत नव्हतं. पुढे कॅमेरॉन बाल्टिमोर रेव्हन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. डिसेंबर २०१२ मध्ये संघ ९-४ असताना त्यालाही घरी पाठवलं, जिम कॉल्डवेलला त्या जागी बसवलं आणि रेव्हन्स सुपर बोल जिंकले.

झालं, कॉल्डवेल ग्रेट! डेट्रॉइट लायन्सनी त्याला हेड कोच नेमलं. चार वर्षांत ३६ विजय, २८ पराभव. लायन्सचा त्याआधीचा इतिहास पाहता गावात मिरवणूक निघायला हवी होती. पण ९-७ म्हणजे काय यश आहे का? २०१७ च्या हंगामानंतर त्याला काढलं आणि पेट्रियट्सचा बचाव सांभाळणारा मॅट पॅट्रिशिया आणला. वर ज्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी ४१ गुण कुटले, तो बचाव याच पॅट्रिशियाचा. त्याच्या नेमणुकीची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली. लायन्समध्ये त्याची कमाई १३ विजय, २९ पराभव, एक बरोबरी. तुम्ही तेव्हा 'नवं रक्त हवं' म्हणाला असाल तर काळजी नको. आता 'मी तेव्हाच सांगत होतो' म्हणा. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी शोभतात.

अटलांटा फाल्कन्सचा किस्साही जपून ठेवा. फेब्रुवारी २०१७, सुपर बोल, २८-३ अशी आघाडी. शेवटी ३४-२८ अशी हार. आघाडी असताना चेंडू घेऊन पळत घड्याळ संपवायचं सोडून पास फेकत राहिला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर काइल शॅनाहन, आणि दुसऱ्या दिवशी तो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा हेड कोच झाला. नोकरी गेली ती डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर रिचर्ड स्मिथची. (शॅनाहननं पुढे त्या संघाला सुपर बोलपर्यंत नेलंही, त्यामुळे फोर्टीनाइनर्स चुकले असंही म्हणता येत नाही. ही मोठी अडचण आहे.)

कोणी धीर धरा म्हणालं तर त्याला हसा. हेड कोच म्हणून चक नोल पहिल्या वर्षी १-१३ (आधी विजय, मग पराभव, तिसरा आकडा असला तर बरोबरी), टॉम लँड्री ०-११-१, बिल वॉल्श २-१४, जिमी जॉन्सन १-१५. या चौघांनी पुढे मिळून अकरा सुपर बोल जिंकले, कारण त्यांच्या काळी लोकांना मतं मांडायची फारशी सोय नव्हती. आज नोल असता तर ऑक्टोबरमध्येच घरी बसला असता.

आणि पेट्रियट्सचा तेव्हाचा हेड कोच बिल बेलिचेक? याचं उत्तर वर्षाप्रमाणे बदलत ठेवा. क्लीव्हलंडमध्ये ३६-४४, म्हणजे सुमार. ब्रेडीबरोबर सहा सुपर बोल, म्हणजे सर्वकाळचा महान. ब्रेडी गेल्यावर चार हंगामांत २९-३८, म्हणजे सगळं ब्रेडीचंच होतं. पण नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर, सहाव्या फेरीत ब्रेडीला निवडणाऱ्या संघाची सूत्रं कुणाच्या हाती होती, हा प्रश्न निघाला की ताबडतोब नाचो आणायला उठा.

एवढी तयारी झाली की मनात येईल, हे सगळं आपणच का करू नये? तीही वाट मोकळी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी हेड कोचला काढलं आणि टीव्हीवर विश्लेषण करणाऱ्या जेफ सॅटर्डेला हंगामी हेड कोच केलं. खेळाडू म्हणून माणूस मातब्बर, पण कोचिंगचा अनुभव शाळेच्या संघापुरता. पहिलाच सामना जिंकला! तेवढ्या आठवड्यात 'बघा, अनुभवाचं अवडंबर कशाला' हे वाक्य सगळीकडे म्हणून घ्यायचं. पुढचे सातही सामने कोल्ट्स हरले. त्यांतल्या एकात तर मध्यंतराला ३३-० नं पुढे असताना, आणि एनएफएलच्या इतिहासात इतकी मोठी आघाडी आजवर कुणी घालवली नव्हती. त्या सात आठवड्यांत तुम्ही बास्केटबॉल बघत होता, असं सांगायचं.