पारा ३५ च असतो, मग माणसे कशाने पडतात?

नमस्कार. मुंबईचा पारा चाळिशी गाठत नाही, घामाच्या धारा आपल्या आजोबांच्या काळीही लागत होत्या, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) हे कचऱ्याचे आणि उंदरांचे पाप आहे, आणि उकाड्याने आजारी पडलेल्यांचे आकडे कुठे आहेत, असे आपण विचारले आहे. हवामान बदलाचे नाव घेतले की पालिका आयती सुटते, हा आपला राग मला समजतो.

कचऱ्याबद्दल वाद नाही. लेप्टोचे जंतू मुख्यतः उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात. पण ते पाणी गुडघाभर साचून लोकांच्या पायांवरच्या जखमांपर्यंत पोहोचते ते मुसळधार पावसामुळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर शहरात लेप्टोची साथ आली. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून अतिवृष्टीचा धोका वाढतो. गटारे साफ हवीतच, पण ती जुन्या पावसाच्या मापाने बांधलेली आहेत.

उकाड्याबाबत मात्र मी आपल्याशी मुळीच सहमत नाही. शरीर निवते ते घाम वाळल्यामुळे, आणि आपल्या दमट हवेत तो नीट वाळतच नाही. म्हणूनच हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष चाळिशीऐवजी ३७ अंशांपासून धरतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्या माणसांचे बळी गेले, हे आपणही विसरला नसाल.

गेल्या मे महिन्यात माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. त्या पत्र्याच्या खोलीत राहतात. फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात. रात्री अकरा वाजताही भिंतीचा पत्रा हाताला गरम लागतो, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, जी शरीरातले पाणी आणि मीठ काढते, ती जानेवारीत होती तेवढीच मे महिन्यातही चालू होती. चक्कर येऊन त्या मोरीत पडल्या. मी गोळीचे प्रमाण कमी केले, आणि आता उन्हाळा लागला की प्रत्येक रुग्णाला रात्री झोप लागते का, हे आधी विचारतो.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्या एका रुग्णालयात जाऊन आल्या होत्या. तिथे सलाईन लावून त्यांना घरी पाठवले होते, आणि केसपेपरवर एकच शब्द होता, ‘अशक्तपणा’. आपण मागितलेले आकडे तिथेच गळतात.