स्पिरिट, सिरिंज आणि ‘सरळ नवीन टाका’ : फ्लेक्सवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, एवढी लांब प्रतिक्रिया लिहिली तुम्ही, बरं वाटलं, नाहीतर लोक "छान माहिती" टाकून निघून जातात. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. प्लॉटरचं (मोठे नकाशे छापणाऱ्या प्रिंटरचं) कार्ट्रिज जाम झालं की ओल्या टिश्यूवर ठेवून मोकळं करा असं मी लिहिलं होतं, ते तुम्हाला भंगार जुगाड वाटलं. लाखाच्या मशीनला असले घरगुती उपाय करू नये, तुमच्या दुकानात सरळ स्पिरिट मारतात, नाही खुललं तर सिरिंजने प्रेशर देतात, आणि तरी नाही झालं तर नवीन टाकून मोकळे होतात, कारण गिऱ्हाईक समोर उभं असते.

यातलं शेवटचं मला अर्धं पटते. स्पिरिट आणि सिरिंज मात्र अजिबात नाही.

पहिले तर तुमचं मशीन आणि मी ज्याबद्दल लिहिलं ते मशीन एक नाही. तुम्ही फ्लेक्सचं काम करता, तिथे सॉल्व्हंट इंक असते, तिला पाणी दाखवून काही उपयोग नाही, तिथे त्या इंकसाठीचंच क्लीनिंग सोल्यूशन लागते, हे शंभर टक्के कबूल. पण मी लिहिलं होतं आर्किटेक्ट लोकांच्या प्लॉटरवर, नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या ऑफिसांत कोपऱ्यात उभे असतात ना, ते. त्यांची इंक पाण्याची. तिच्यात पाणी, ग्लायकॉलसारखं काहीतरी लवकर सुकू न देणारं, आणि रंग. काळा बहुतेक पिगमेंट असतो, म्हणजे रंग विरघळलेला नसतो, बारीक कण इंकमध्ये तरंगत ठेवलेले असतात, आणि ते एकमेकांना चिकटू नये म्हणून वेगळं केमिकल असते. त्यावर तुम्ही कडक स्पिरिट ओतलं की तो बंदोबस्तच मोडू शकतो आणि कण गोळा होऊन बसतात, मग जे नोझल (इंक बाहेर पडायचं बारीक छिद्र) अर्धं उघडं होतं तेही बंद. डाय इंक, म्हणजे रंग विरघळलेली इंक, स्पिरिटने पटकन पुसली जाते, म्हणून लोकांना वाटते की जमलं. थिनरचं तर नावच काढू नका, त्याने प्लास्टिक आणि गोंद दोन्ही सुटतात.

आता टिश्यूवाला प्रकार, जो तुम्हाला जुगाड वाटला. तो मी ४५ नंबरच्या कार्ट्रिजसाठी लिहिला होता, एचपीच्या जुन्या ७५०सी सारख्या डिझाइनजेट प्लॉटरमध्ये लागते ते, ज्यात इंकची टाकी आणि प्रिंट हेड, म्हणजे नोझलवाला भाग, एकातच असते. टिश्यूची चार पदरी घडी करायची, हाताला सोसवेल इतक्या गरम डिस्टिल्ड पाण्याने ओली करायची, निथळती नाही, आणि कार्ट्रिजची नोझलवाली बाजू खाली करून त्यावर ठेवायची. तांब्याच्या रंगाची कॉन्टॅक्टची पट्टी कोरडीच राहिली पाहिजे. थोड्या वेळाने उचला आणि कोरड्या टिश्यूवर हलकं टेकवा, घासू नका, फक्त टेकवा. दोन बारीक काळ्या रेघा उमटतात, शेजारी शेजारी, कारण नोझलच्या रांगाच दोन आहेत. रेघ जिथे तुटली तिथलं नोझल अजून बंद, परत ओल्या टिश्यूवर. दोन्ही रेघा सलग आल्या की मशीनमध्ये टाका. यात मशीनला धक्का लागायचा प्रश्नच येत नाही, कार्ट्रिज तुमच्या हातात असते, मशीन तिकडे बंद उभं असते.

पाणी डिस्टिल्डच का, असंही तुम्ही विचारलं, थोडं टोमण्यातच. नळाचं किंवा बोअरचं पाणी सुकलं की मागे क्षार राहतो, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो तो रोज पाहतोच आपण, आणि हे नोझल केसाहून बारीक आहे. मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याची छोटी कुपी आणा, काही रुपयांत मिळते.

सिरिंजचं सांगतो. ४५ च्या आत इंकच्या पिशवीला स्प्रिंग लावलेली असते, ती पिशवी फुगवून धरते म्हणून आत हलकी ओढ तयार होते आणि इंक आपोआप गळत नाही. वरून प्रेशर दिलं की ती ओढ गेली, मग नोझल उघडते खरं पण कार्ट्रिज टपटप गळत राहते आणि आतली सगळी पट्टी काळी. आणि ज्यात हेड वेगळं आणि टाकी वेगळी, म्हणजे डिझाइनजेट ५०० किंवा ८००, तिथे तर कार्ट्रिज जाम होण्याचा संबंधच फार कमी. तिथे हेड जाम होते नाहीतर नळीत हवा शिरते.

आणि इथेच तुमच्या "सरळ नवीन टाका"चा घोळ आहे. नवीन टाकायच्या आधी नोझल चेक, म्हणजे कोणतं नोझल छापते ते दाखवणारा रेघांचा कागद, काढा, मग लगेच अजून एक काढा, आणि दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीसमोर पहा. दोन्हीत रेघ त्याच जागी तुटली असेल तर नोझल बंद आहे. तुटलेली जागा दरवेळी बदलत असेल तर नोझल चांगलंय, मागून इंक पोहोचत नाही, हवा आहे, आणि अशा वेळी तुम्ही नवीन हेड टाकलं तरी तेही तसंच छापणार आणि तुम्ही म्हणणार की हेडच डुप्लिकेट आलं. तिसरा प्रकार म्हणजे तीच जागा, कितीही भिजवा, ढिम्म हलत नाही. या मशीनमध्ये इंक ढकलायला प्रत्येक नोझलमागे बारका हीटर असतो, तो क्षणाच्याही लहानशा भागात इंकला इतकी तापवतो की वाफेचा बुडबुडा होऊन थेंब बाहेर फेकला जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की हीटरवर करपलेला थर जमतो, दूध पातेल्याच्या तळाला लागते तसा, किंवा हीटरच जळतो. तो पाण्याने काय, कशानेच येत नाही. तिथे तुम्ही म्हणता तेच बरोबर, नवीन टाका, वेळ घालवू नका. पण आधी ओळखा तरी.

मशीनचं स्वतःचं हेड क्लीनिंग तीन-चारदा मारलं की होते, असंही लिहिलं तुम्ही. होते कधीकधी. पण प्रत्येक क्लीनिंगला इंक वेस्टमध्ये जाते, आणि एकदोनदात फरक दिसला नाही तर पुढच्या चार वेळांत पण दिसत नाही. थांबा, रात्रभर पडू द्या, सकाळी बघा.

बरं, मूळ गोष्ट. आपल्याकडे हे जाम होणं एप्रिल-मे मध्येच काहून वाढते? डिझाइनजेटच्या स्पेसिफिकेशनमध्ये चालवायची हवा ५ ते ४० डिग्री आणि आर्द्रता २० ते ८० टक्के अशी दिलेली असते. आता नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरची दुपार आठवा, बाहेर ४५, हवा पार कोरडी, आणि ऑफिस शनिवार-रविवार बंद. त्यात मंजुरीचे नकाशे ऑनलाइन जातात, आधीसारखे ढिगाने ए-झिरो आकाराचे नकाशे निघत नाही, प्लॉटर आठवडा आठवडा नुसता उभा. जाम नाही होणार तर काय. कूलर चालू असेल तर हवेत ओल राहते, हेडला बरंच असते, फक्त कूलरचा झोत रोलवर नको, कागद फुगून लाटा येतात आणि हेड कागदाला घासते.

अजून एक, माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण. संध्याकाळी जाताना बोर्डावरून मेन स्विच पाडून निघतात लोक. मशीन मध्येच थांबलेलं असेल तर हेड टोपीवर, म्हणजे नोझल सुकू न देणाऱ्या रबरी झाकणावर, जाऊन बसत नाही, रात्रभर उघडं. पॅनलवरचं बटण दाबा, हेड उजवीकडे जाऊन टोपीवर बसू द्या, आणि शक्यतो मेन चालूच ठेवा, स्टँडबायमध्ये बरीच मशीनं मधूनमधून स्वतःच हेड साफ करतात. टोपीच्या रबरावर सुकलेली इंक जमली असेल तर तीही ओल्या कापडाने पुसा, लिंट न सोडणाऱ्या, नाहीतर टोपी नीट बसतच नाही.

राहिला लाखाच्या मशीनचा मुद्दा. वॉरंटीत असेल तर माझं काहीच ऐकू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. आणि पिझो हेडवाली मशीनं (हीटरऐवजी विजेने हलणाऱ्या पट्टीने इंक ढकलणारी), एप्सनसारखी, तिथे हेड मशीनमध्येच बसवलेलं असते आणि महाग असते, तिथे टिश्यू-सिरिंज काहीच घरी करू नये असं मी त्या लेखात पण लिहिलंय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तुमच्या नजरेतून सुटलं असेल. तुमच्याकडे कागदाचा प्लॉटर पण आहे म्हणता ना, त्याचं मॉडेल आणि दोन्ही नोझल चेकचे फोटो इथेच खाली टाका, पाहून सांगतो भिजवायचं की बदलायचं.