बालवाडीतला एकच टॉवेल

२०२५ च्या एप्रिलात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. मधले अडीच महिने इथे मेलबर्नमधल्या मराठी घरांतही तोच विषय होता. वाद व्हायलाच हवा होता. पण सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय घालायचं यासाठी एवढं भांडणारे आपण, तीन वर्षांच्या मुलाचं नाक, पोट आणि झोप बालवाडीत कोण सांभाळतं, यावर क्वचितच तोंड उघडतो. कायद्यानंही हा भाग सैलच ठेवला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. त्याखालच्या वयासाठी कलम ११ म्हणतं की सरकार व्यवस्था करू शकतं. ‘करू शकतं’, ‘केलीच पाहिजे’ नाही.

ऑस्ट्रेलियात २०१२ पासून बालसंगोपन केंद्रांना एकच राष्ट्रीय चौकट लागू आहे. केंद्राचं मूल्यमापन सात अंगांनी होतं आणि त्यातलं दुसरं अंग मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता हे आहे. व्हिक्टोरिया राज्यात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक शिक्षिका लागते, तीन वर्षांवरच्या अकरा मुलांमागे एक. आत प्रत्येक मुलाला ३.२५ चौरस मीटर मोकळी जागा हवी. भारताच्या २०१३ च्या धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती आहे आणि तीस मुलांना ३५ चौरस मीटरची खोली. इथल्या हिशेबानं तीस मुलांना ९७.५ चौरस मीटर लागतील. हा फरक दोन-चार वर्षांत भरून निघणारा नाही आणि तो दाखवून आपल्या सेविकांना नावं ठेवणं अन्यायाचं आहे. मात्र मुलांचं बरंचसं आजारपण चौरस मीटरवर अवलंबून नसतं. ते नळ, साबण आणि ठरलेल्या क्रमावर अवलंबून असतं, आणि तिथे आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

हात धुण्याचंच घ्या. ‘मुलांना स्वच्छतेच्या सवयी लावतो’ असं प्रत्येक माहितीपत्रकात असतं. आत बघावं तर पाण्याची बादली, त्यात बुडवायचा मग, लिबलिबीत झालेली साबणाची वडी आणि खिळ्याला अडकवलेला एक टॉवेल. वीस मुलांनी त्या टॉवेलाला हात पुसले की धुतलेल्या हातांवर सगळ्यांचं सगळं परत येतं. सगळ्यांनी हाताळलेला मग बुडवताना बादलीतलं पाणीही दूषित होतं. याला खर्चिक उपाय लागत नाही. खाली तोटी बसवलेला पिंप, पंपाच्या बाटलीतला पातळ साबण, आणि प्रत्येक मुलाचा वेगळ्या रंगाच्या नाडीचा छोटा रुमाल, जो रोज घरी धुवायला जाईल. साबण लावून वीस सेकंद चोळायचं: तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. आल्यावर, खाण्याआधी, शी-शूनंतर, नाक पुसल्यावर, मैदानातून परतल्यावर. एका मुलाला चाळीस सेकंद धरले तर एका तोटीवर वीस मुलांना तेरा-चौदा मिनिटं जातात. ती वेळापत्रकात लिहिलेली नसतील तर डबा खायच्या घाईत हात धुणं हमखास गळतं. पाण्याचा हिशेब म्हणाल तर एका वेळी अर्धा लिटर, दिवसातून चार वेळा, म्हणजे वीस मुलांना चाळीस लिटर. सॅनिटायझरवर भागवू नये. मळलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तर फारच कमी.

लंगोट किंवा खराब झालेली चड्डी बदलताना चूक जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होते. हातमोजे घालून पुसणं नीट होतं, पण त्याच हातमोज्यांनी कपाट उघडून स्वच्छ कपडा काढला जातो. म्हणून इथे क्रम पाठ करून घेतात. सगळं सामान आधी हाताशी, खाली कागद, पुढून मागे पुसणं, मळकं पिशवीत, मग हातमोजे काढणं आणि त्यानंतरच स्वच्छ लंगोट. शेवटी गादी साबणपाण्यानं पुसायची आणि हात दोघांचेही धुवायचे, शिक्षिकेचे आणि मुलाचे. मुलाचे हात धुवायचे राहतातच, आणि बदलताना तेच हात खाली गेलेले असतात.

आजारी मुलाला घरी ठेवण्यावरून दोन्ही देशांत सारखीच ओढाताण आहे. सकाळी तापाचं औषध देऊन मूल सोडायचं आणि अकराला त्याचा ताप पुन्हा चढायचा, हे मेलबर्नलाही घडतं. फरक एवढाच की इथे नियम लेखी असतो आणि प्रवेशाच्या वेळीच हातात दिला जातो. जुलाब असतील तर शेवटच्या पातळ शौचानंतर २४ तास घरी. कांजिण्यांत सगळे फोड सुकेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस. हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड सुकले की येता येतं, पण विषाणू नंतरही कित्येक आठवडे शौचातून पडत राहतो. त्यामुळे तिथे घरी बसवण्यापेक्षा वरचं हात धुणंच जास्त कामाचं. उवांसाठी घरी बसवायची गरजच नाही, उपचार सुरू केला की पुरे. आपल्याकडे नेमकं उलटं दिसतं. उवा दिसल्या की मुलीला सगळ्यांदेखत वेगळं बसवतात आणि जुलाबाचं मूल परीक्षा आहे म्हणून वर्गात असतं.

औषधाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. डब्याच्या पिशवीत बाटली आणि ‘दुपारी एक चमचा’ अशी चिठ्ठी ही धोकादायक पद्धत आहे. पॅरासिटॅमॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात आणि साधं सिरप पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं पाच मिलिलिटर पाजलं तर चौपट औषध पोटात जातं. घरातला चमचा पाचाचाच असेल याचीही खात्री नाही. इथे मूळ बाटली, तिच्यावर मुलाचं नाव, मुदत न संपलेली आणि पालकांची लेखी परवानगी, एवढं लागतं. मात्रा एक जण मोजतो, दुसरा तपासतो, मग दोघं वेळ लिहून सही करतात. वही आणि पेन याहून जास्त त्यात काही नाही.

घास अडकण्याचा विचार तर आपल्या खाऊत फारच कमी दिसतो. शेंगदाणे, फुटाणे, बोरं, अख्खी द्राक्षं हे सगळं लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकेल अशा मापाचं आहे. दाढा नीट आलेल्या नसतात, चावणं अर्धवट असतं, आणि त्यातच मूल हसतं किंवा पळतं. दाण्याचा कूट द्यावा, द्राक्ष उभं चिरावं, बोराची बी काढावी आणि खाताना मुलं बसलेली असावीत. इथे केंद्र चालू असेपर्यंत प्रथमोपचार, दमा आणि तीव्र ॲलर्जी यांचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हजर असावीच लागते. घास अडकून खोकताच येत नसेल तर रुग्णवाहिका बोलवायची, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा, न निघाल्यास छातीवर पाच दाब. हे पोस्टर वाचून जमत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो.

आता दुसरी बाजू. अंगणवाडी दर महिन्याला वजन करते. इथे ते काम वेगळ्या परिचारिका करतात, जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत दहा मोफत भेटींत, पण शेवटच्या दोन भेटींमध्ये तब्बल दीड वर्ष जातं. वाढ अडलेलं मूल लवकर ओळखायची सोय अंगणवाडीत जास्त चांगली आहे, आणि ज्या महाराष्ट्रात शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१), तिथे ती लागतेच. सोबत गरम ताजा आहार, जंतनाशक गोळी, दंडाचा घेर मोजायची पट्टी. पट्टीवर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं की मूल तीव्र कुपोषित. अडचण येते ती मोजताना: काटा शून्यावर न आणता वजन, स्वेटरसकट वजन, मागच्या महिन्याचा आकडा पाहून नवा आकडा. ज्या सेविकेवर सर्वेक्षणापासून मोबाइलवरच्या नोंदींपर्यंत सगळं लादलंय, तिच्याकडून अचूक काट्याची अपेक्षा करायची तर आधी तिच्या पाठीवरचं ओझं कमी करा.

इथली कागदपत्रंही मुलांना वाचवतातच असं नाही. २०२५ च्या जुलैत मेलबर्नमधल्या एका कर्मचाऱ्यावर बाललैंगिक अत्याचाराचे आरोप असल्याचं जाहीर झालं आणि सुमारे १,२०० मुलांच्या पालकांना संसर्गाच्या तपासण्या करून घ्यायला सांगावं लागलं. त्यानंतर वैयक्तिक फोनवर बंदी आली. तात्पुरते कर्मचारी, आज या केंद्रात तर उद्या त्या, ही इथली जुनी दुखरी जागा आहे. अंगणवाडीची सेविका त्याच वस्तीतली असते आणि तिला सगळं गाव ओळखतं. ते बळ इथे नाही.

राहता राहिलं रडणं. ‘दोन दिवस रडेल, मग गप्प बसेल’ हे जूनमध्ये दरवर्षी ऐकू येतं. मूल गप्प बसतं हे खरं, पण कित्येकदा ते शू दाबून धरतं, डबा परत आणतं, बद्धकोष्ठाचा त्रास सुरू होतो. इथली चांगली केंद्रं पहिले दोन दिवस आईला तासभर सोबत बसवतात, तिसऱ्या दिवशी ती पंधरा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग दोन तास. एकच ठरलेली ताई त्याला उतरवून घेते, तीच शूला नेते. आणि नजर चुकवून निघून जायचं नाही. ‘मी जाते, तुझं खाऊन झालं की येते’ असं सांगून जायचं आणि खरंच तेव्हा यायचं.