१९९४ पूर्वी लग्न झालेल्या बहिणीचा हिस्सा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. महाराष्ट्रातल्या मुलींच्या वारसाहक्कावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. तुमच्या मते २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला इथे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर विषयच संपला. आणि बहिणी खुशीने हक्कसोड करून देतात (म्हणजे आपला हिस्सा लेखी सोडून देतात), त्यात उगाच भांडणं लावू नयेत. पहिले दोन मुद्दे आजही भाऊबंदकीच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९४ ची अट तुम्ही बरोबर सांगितलीत. हिंदू वारसा कायद्यात (१९५६) राज्याने केलेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची वाटेकरी केलं, पण ती दुरुस्ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मात्र ९ सप्टेंबर २००५ पासून याच कायद्याचं केंद्राने केलेलं नवं कलम ६ लागू झालं आणि त्यात लग्नाची अट नाही. केंद्राचा कायदा आल्यावर राज्याची ती अट उरली नाही. मुलीचं लग्न १९८० साली झालं असलं तरी तिचा हक्क मुलाइतकाच.

वडिलांच्या मृत्यूबद्दलचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरोखरच म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवीत. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द ठरवलं. हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. तुम्हाला मिळालेला सल्ला बहुधा मधल्या पाच वर्षांतला असावा. वडील १९५६ चा कायदा येण्याआधीच वारले असतील, तर मात्र हिशोब वेगळा.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. सहा एकर वडिलोपार्जित जमीन, वडील वारलेले, मागे आई, दोन मुलगे, तीन मुली. जुन्या पद्धतीत वडिलांच्या मृत्यूआधीच वाटप झालं असं धरून आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से पडायचे (आपल्याकडे वाटपात आईलाही हिस्सा मिळतो) आणि वडिलांचा चौथा हिस्सा सहा वारसांत वाटला जायचा. म्हणजे मुलीला चोविसावा भाग, १० गुंठे. मुलाला ७० गुंठे. १९७८ च्या गुरुपाद विरुद्ध हिराबाई निकालातलं कुटुंब नेमकं असंच होतं. आता पहिल्या वाटपात मुलीही धरल्या जातात, त्यामुळे सात हिस्से पडतात, वडिलांचा सातवा हिस्सा सहा जणांत जातो आणि प्रत्येकाला सहावा भाग येतो. एक एकर.

एका बाबतीत तुमचं म्हणणं टिकू शकतं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं असेल, तर ते उलटवता येत नाही. नुसतं ‘तोंडी वाटप झालं होतं’ हे सहसा चालत नाही. पण त्या काळातले स्वतंत्र सातबारे, वाटपाचे फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी) असे सरकारी कागद पाठीशी असतील तर कोर्ट विचार करतं. त्यामुळे बहिणीने दावा लावण्याआधी जुने फेरफार काढून वाचायलाच हवेत.

आता तिसरा मुद्दा, आणि माझा खरा आग्रह इथेच आहे. बहुतेक बहिणींचं नुकसान होतं ते सातबाऱ्यावर. जुन्या उताऱ्यांत थोरल्या भावाचं नाव, त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणींची व आईची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात. पुढे बँकेचं कर्ज, विक्री, भूसंपादनाचा मोबदला सगळं कब्जेदार सदरातलं, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यातलं नाव बघून होतं. इतर हक्कातलं नाव एखाद्या फेरफाराने कमी झालं, तर सासरी असलेल्या बाईला पत्ताही लागत नाही.

वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या मुलींची नावं वारस म्हणून आली का, आणि ती कब्जेदार सदरी घेतली जाताहेत का, हे नोटीस आल्या आल्या तपासा. हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं. पण नाव नसलं की दावा लावण्याचं ओझं बहिणीवर पडतं.

हक्कसोडीला माझा विरोध नाही. ज्या बहिणीला द्यायचं आहे तिने जरूर द्यावं. पण आधी नाव लागू दे, मग तिने ठरवावं. वारस नोंदीच्या कागदांबरोबरच हक्कसोडीचा मसुदा पुढे सरकवून ‘इथे सही कर’ म्हणणं याला खुशी म्हणता येत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तलाठ्यापुढच्या जबाबाने किंवा नोटरीने हक्क सुटत नाही. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात: हक्क कोणाच्या लाभात सुटतोय (सगळ्या भावंडांच्या की एकाच भावाच्या), कोणते गट नंबर लिहिलेत, आणि शेवटी ‘व इतर सर्व मिळकती’ असं घुसडलंय का. या एका ओळीत गावातलं घर आणि शहरातला फ्लॅटही जातो. फसवून सही घेतली असेल तर ते रद्द करून घेण्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि ती सिद्ध करणं अवघड असतं.

लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा फिटला, असंही तुम्ही लिहिलंय. कायद्यात अशी वजावट नाही. भावाच्या लग्नाचा आणि शिक्षणाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून कोणी कापत नाही.

वकिलाच्या फीमुळे कोणी थांबली असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा दाखल झाला की वाटपाचा निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये असा मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. हे राहून गेलं की मधल्या काळात जमीन तिसऱ्याच्या नावावर जाते आणि बहिणीला आणखी एका माणसाशी भांडावं लागतं.