तंबूतला एसी आन् कुत्र्यानं खाल्लेले धपाटे

आमच्या घरात कॅम्पिंग हा शब्द आणला माझ्या भाच्यानं. तो राहतो अमेरिकेत, दर उन्हाळ्यात तंबूसमोर चहा पितानाचे फोटो टाकतो, ते बघून आमच्या हिनं ठरवलं की आपण पण जायचं, लेकरं मोबाईलमधून डोकं तरी वर काढतील. आम्ही मूळ लातूरकडचे. वेळ अमावस्येला कडब्याच्या कोपीपाशी बसून आंबील प्यायची, ज्वारी राखायला जागलीला जायचं, थंडीत कुडकुडत तिथंच झोपायचं, हे सगळं करून झालेलं. पण त्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्याचे पैसे लागतात हे नोकरीसाठी संभाजीनगरला आल्यावर कळलं.

तर पहिल्यांदा गेलो ते म्हैसमाळच्या अलीकडं, एका शेतकऱ्याच्या रानात. तंबूमागं ३०० रुपये. तंबू आपला, अंथरूण आपलं, पाणी हापशाचं, संडास एकच आणि त्याला आतून कडी नाही, म्हणून आत असेपर्यंत गाणं म्हणायचं. पैसे घेऊन मामा गावात झोपायला गेले आणि आम्हाला राखायला त्यांचं कुत्रं ठेवून गेले.

यूट्यूबवर ४ मिनिटात उभा राहणारा तंबू, आम्हाला पावणेदोन तास लागले. वर माती वीतभर पण नाही, खाली नुसता मुरूम, त्याच्या खाली काळा दगड, खुंटी ठोकली की आत जायच्या ऐवजी विळ्यासारखी वाकायची. शेवटी चारी कोपऱ्याला धोंडे बांधले. तेवढ्या वेळात राखणदार कुत्र्यानं धपाट्याचा डबा उघडला होता. दही मात्र ठेवलं होतं बिचाऱ्यानं.

पहाटे ४ ला माझ्या तोंडावर टपकन पाणी पडलं. बाहेर बघतो तर लख्ख चांदणं, पावसाचा पत्ता नाही. आळ गेला बारक्यावर, तो भोकाड पसरून रडला. नंतर भाच्यानं फोनवर सांगितलं की माणसं रात्रभर जो श्वास सोडतात त्यातली वाफ थंड कापडाला लागली की तिचं पाणी होतं, म्हणून तंबूच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या असतात, आणि त्या थंडी वाजायली म्हणून गच्च बंद करणारा शहाणा मीच. आता तक्रार करावी तर कुणाकडं? तंबू मी आणलेला, जागा मी बघितलेली, खिडक्या मी लावलेल्या. त्यामुळं हिला जे काही बोलायचं होतं ते सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि म्हैसमाळ ते घर खुलताबादवरून ४० एक किलोमीटर, म्हणजे वेळ भरपूर होता.

म्हणून यंदा कॅम्पिंग रिसॉर्ट. नाव घेत नाही, उगं कशाला. माणशी ३२००, लेकरांचे अर्धे. तंबू म्हणजे काय तर सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर जाड कापड, आत डबल बेड, एसी, मागं संडास-बाथरूम, कमोड चकाचक. फक्त दाराला चेन. म्हणजे आत एसी आणि कुलूप कुठंच नाही. कापडाला आवाज अडत नाही हे रात्री समजलं, शेजारच्या तंबूतले काका घोरायचे थांबले की आमचीच झोपमोड व्हायची, गेले का काय म्हणून.

आणि सगळ्याला वेळ. शेकोटी साडेसात ते साडेआठ, साडेआठला पोरगा बादली घेऊन हजर. मग डीजे, तो १० ला बंद कारण रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायला बंदी आहे, त्या नियमाला मी मनातल्या मनात हात जोडले. पोहायला नायलॉनचाच ड्रेस पाहिजे, माझी सुती बर्मुडा चालेना, भाड्यानं १०० रुपयाची जी चड्डी मिळाली तिच्याबद्दल लिहीत नाही. बुफेत हुरडा होता, एकेका वाटीत मोजून, स्टीलच्या डब्यात गरम केलेला. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळून खाणाऱ्या माणसाला ती वाटी बघून जे वाटतं ते वाटलं.

गरम पाणी सकाळी ७ ते ९. आम्ही उठलो ९ वाजून १० मिनिटांनी.

नेमका तेव्हाच भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो सांगायला लागला की मामी, तिकडं केओए नावाचे कॅम्पग्राउंड आहेत, १९६२ ला मोंटानात एकानं नदीकाठच्या जागेत पहिलं काढलं, एका रात्रीचे पावणेदोन डॉलर, त्यात गरम पाण्याची अंघोळ पण.

पावणेदोन डॉलर आणि गरम पाणी हे दोन शब्द कानावर पडले आणि ही टॉवेल खांद्यावर तसाच टाकून रिसेप्शनला गेली. मी लांब, झाडाखाली उभा राहिलो. मॅनेजर म्हणला, "मॅडम, नेचरमध्ये थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं." ही म्हणली, "नेचर? मग एसी कामून लावलाव?" पुढचा अर्धा तास गरम पाणी, हुरड्याची वाटी, चड्डीचे १०० रुपये, घोरणारे काका, सगळं त्या बिचाऱ्यानं एकट्यानं ऐकून घेतलं. लग्नाला १६ वर्षं झाली, ट्रिपमध्ये माझ्यावर एक शब्द आला नाही असं पहिल्यांदाच घडलं. ३२०० मला त्या क्षणी स्वस्त वाटले बरं का. दोन बादल्या गरम पाणी पण आलं.

परत येताना गाडीत ही एकदम ताजीतवानी. म्हणली, "त्या म्हैसमाळच्या मामाचा नंबर लावा."

"कामून?"

"लावा तर."

लावला, स्पीकरवर टाकला. "मामा, मागच्या डिसेंबरात आम्ही आलो होतो बघा, धोंडे बांधलेला तंबू. तुमच्या कुत्र्यानं आमचे १४ धपाटे खाल्ले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "ताई, लई उशिरा फोन केला. आता तर ते पण चपाती खाईना झालंय."