केळं नाही, वेफर्स आहेत

प्रथम वर्षाला आलेल्या मित्रमैत्रिणींनो, अभिनंदन! फी भरून झाली, एसटीचा पास निघाला, आयकार्डावरचा फोटो नक्की कोणाचा यावर घरात चर्चाही झाली असेल. आता जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या या कॉलेजात तीन वर्षं राहून तब्येत कशी कमवायची, ते सीनियर म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, कँटीनमध्ये काय घ्यावं असा विचार करत बसू नका. समोसा, कचोरी, वडा, ब्रेडपकोडा आणि मिरचीभजी एकाच कढईतून निघतात, त्यामुळे कशावरही बोट ठेवा, चव तीच. भिंतीवरच्या यादीत पोहेही आहेत. पोहे साडेआठला संपतात. कँटीन साडेआठला उघडतं.

वार विसरलात तर कढईत डोकावा. तेल सोनेरी दिसलं तर सोमवार, चहाच्या रंगाचं झालं की बुधवार, आणि तळाला काही दिसेनासं झालं की शनिवार, म्हणजे उद्या सुट्टी. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात तयार होणारी खराब द्रव्यं, म्हणजे पोलर कंपाउंड्स, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम जुलै २०१८ पासून आहे. केमिस्ट्रीवाल्यांनी प्रोजेक्टला हा विषय घ्यावा, नमुना कँटीनमध्ये बाराही महिने मिळेल.

समोशाखालचा कागद फेकू नका. एमपीएससीच्या चालू घडामोडी त्यातच असतात.

पाणी घरून आणा. कूलरवर देणगीदाराचं नाव आहे, नळ नाही.

पाणी चालेल, डबा मात्र आणू नका. ‘बाहेरचे खाद्यपदार्थ खाण्यास सक्त मनाई’ अशी पाटी कँटीनच्या दारावर आहे. आईने पहाटे उठून थापलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा हा बाहेरचा पदार्थ. कुठल्याशा कारखान्यातून चार महिन्यांपूर्वी निघालेलं, हवा भरलेलं पाकीट मात्र घरचं. वर्गात खायचं नाही, लायब्ररीत खायचं नाही, कँटीनच्या टेबलावर तर नाहीच. मुलींनी लेडीज रूममध्ये उभ्याने खावं. मुलांनी पार्किंग बघावं.

आणि आता सगळ्यात मोलाची टीप: आरोग्य शिबिराला जरूर हजर राहा. मागच्या आठवड्यात एनएसएसने मुलींसाठी हिमोग्लोबिन तपासणी ठेवली होती. बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांच्या परिचयकर्त्याचा परिचय. माझं नऊ आलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचंही तसंच. नवल नाही, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच आलं आहे. डॉक्टर मॅडमनी छान समजावलं. पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. टाळ्या झाल्या. मग अल्पोपहार आला. समोसा आणि चहा! त्याच हॉलमध्ये, मॅडमच्या समोर. मॅडमनी चहाकडे पाहिलं, आम्ही मॅडमकडे पाहिलं, फोटो निघाला. तो फोटो आता अहवालात ‘पोषण जनजागृती’ या मथळ्याखाली आहे.

सहाच्या गाडीने निघालेली मी, दुपारी दोन वाजता, प्रॅक्टिकलच्या आधी, कँटीनच्या काउंटरवर गेले. उसळ आहे का? नाही. अंडं उकडून? नाही. चिक्की? संपली. दही? उन्हाळ्यात. बरं काका, साधं केळं तरी द्या.

“केळं नाही ताई. केळ्याचे वेफर्स आहेत.”

जळगावात! जिथल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे रावेर-सावद्याहून केळी रेल्वेने दिल्लीला जातात, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी केळीची बाग आहे आणि भाव पडला की त्याच केळ्यांचे घड बांधावर फेकले जातात, तिथल्या कॉलेजात केळं मिळत नाही. तळून, मीठ लावून, पाकिटात भरलेलं मिळतं.

गेटवर एक मावशी हातगाडीवर केळी, पेरू, काकडी विकायच्या, मीठ-मिरची लावून. त्यांना शोधत गेले तर जागा मोकळी. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून ‘परिसर सुशोभीकरणात’ त्यांना उठवलं. समिती आली त्या दोन दिवसांत कँटीनमध्ये मोड आलेली मटकी होती, फळांच्या डिश होत्या, टेबलावर फुलदाणीसुद्धा होती. समितीची गाडी गेटबाहेर पडली आणि मटकीही गेली. मावशी काही परत आल्या नाहीत.

आता हसणं पुरे.

दर वेळी स्टाफरूममधून एकच ऐकू येतं, आजकालच्या मुलांना जंक फूडच लागतं. सर, दुसरं ठेवलंय कुठे तुम्ही? कॉलेजच्या आवारात जंक फूड नको, असं यूजीसीने नोव्हेंबर २०१६ मध्ये कळवलं, ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा कळवलं. ती पत्रं कुठल्या फायलीत आहेत? ठेका तुम्ही जास्त भाडं देणाऱ्याला देता. भाडं वसूल करायला तो काय विकणार? केळं दोन दिवसांत काळं पडतं, पाकीट सहा महिने टिकतं. हिशोब त्याचा बरोबर आहे, तुमचा चुकला आहे. भाड्याचे पैसे कॉलेजला, डॉक्टरचं बिल आमच्या बापाला.

पोळीभाजी परवडत नाही म्हणू नका. २०२० मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली, तिच्यात दोन पोळ्या, भाजी, वरण, भात हे वजनासकट ठरवून दिलं होतं. तिला अनुदान होतं, माहीत आहे. आम्ही दहा रुपयांत मागत नाही. आज समोसा, नूडल्स आणि थंड पेयावर जे पैसे घालवतो, तेच देऊ.

कँटीन समिती नावाची एक गोष्ट कागदावर आहे, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी कोण ते विद्यार्थ्यांना माहीत नाही. नाव लावा बोर्डावर. पुढच्या ठेक्याच्या करारात रोज पोळीभाजी, उसळ, उकडलेलं अंडं आणि ताजं फळ हे चार पदार्थ घाला, भाडं कमी करा, आणि तेल कोण तपासणार ते लिहा. डब्याची पाटी तर उद्याच काढता येईल, त्याला निविदा लागत नाही. मावशींची गाडीही उभी राहू द्या.

आणि पुढच्या शिबिरात आम्हाला समोसा देऊ नका. खरंच देऊ नका.