रेकॉर्डवर नाव चढतं कसं?

सोलापूर, सेटलमेंटकडे (इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या जुन्या वसाहतीकडे) जाणाऱ्या रस्त्यावरचा कट्टा. विषय निघाला घरफोडीनंतर पारध्यांच्या पालांवर पडणाऱ्या छाप्यांचा. निवृत्त फौजदार अण्णा, फौजदारी वकील सुनीता आणि कायदा शिकवणारा महेश, तिघंही या कामात मुरलेले.

"तपास रेकॉर्डवरच्या लोकांपासून सुरू होतो," अण्णा म्हणाले. "त्यात जात कुठून आली? वरून डिटेक्शनचा, म्हणजे गुन्हा उघडकीला आणण्याचा, तगादा असतो."

"रेकॉर्ड बनतं कसं ते बघा ना, अण्णा," सुनीता म्हणाली. "संशयावरून उचललं, नोंद झाली. माणूस निर्दोष सुटला, नोंद तशीच राहिली. पुढच्या वेळी त्याच नोंदीवरून पुन्हा उचललं. अशानं नावावर आठ गुन्हे दिसतात आणि शिक्षा एकातही नसते. अटकेचा रकाना भरलेला, निकालाचा रिकामा."

महेशने जोड दिली, "1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण ठाण्यात हजेरी घेण्याची सवय गेली नाही. सराईत ठरवायला शिक्षा झालेली लागते, नुसती अटक पुरत नाही. हा फरक ठाण्यात पाळला जात नाही."

"मग चौकशीच करायची नाही का?" अण्णांचा आवाज चढला. "चोरी करणारा कुठल्याही समाजात निघतो, पारध्यांतही निघेल."

"निघेल. पण माप एकच लावा," सुनीता म्हणाली. "चोरी झालेल्या घरात आठवडाभर काम केलेला रंगारी, वॉचमन, घरचा पुतण्या यांना चौकशीची नोटीस जाते आणि पालाला पहाटे चार वाजता वेढा पडतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी, याची कारणं लिहावी लागतात."

"रात्रीची घरफोडी करून चोरी केली तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वकीलबाई."

"बरोबर. तिथं अटकेला विश्वसनीय माहिती लागते. 'तो पारधी आहे' ही माहिती होत नाही. आणि दागिने? पालावर सोन्याची पावती नसते. बाईच्या गळ्यातली पोतही मुद्देमाल म्हणून जाते. आता झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. ते कोर्टात मागायचं, पंच कुठले ते विचारायचं, फिर्यादीतलं वर्णन आणि वजन ताडून पाहायचं. फिर्यादीत 'अंदाजे दोन तोळे' एवढंच असेल तर कुठलीही पोत त्यात बसते."

यावर अण्णा गप्प राहिले. महेश ओळख परेडकडे, म्हणजे साक्षीदाराला रांगेतून आरोपी ओळखायला लावण्याकडे, वळला. एका आरोपीमागे निदान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं), दोन असतील तर दहा-बारा. एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. डमी वयानं, बांध्यानं, पेहरावानं सारखे हवेत. पोलीस खोलीबाहेर. "पण आरोपी तेवढा पालावरचा आणि बाकीचे बाजारपेठेतले असतील तर साक्षीदार चेहरा ओळखत नाही, वेगळा दिसणारा माणूस निवडतो. परेडआधी फोटो दाखवला असेल तर परेड वायाच."

"हे मान्य," अण्णा म्हणाले. "घाईत असं होतं."

"घाईची किंमत माणसं मोजतात, अण्णा," सुनीता म्हणाली. "2003 च्या पाच खुनांच्या खटल्यात वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही. भटक्या जमातीचे सहा मजूर आरोपी झाले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी पाच लाख."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्यात ठेवलेली माणसाच्या गुन्ह्यांची नोंद, तपासायला तरी कुणी हवं."

"2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलंय," महेश म्हणाला. "मागास जमातीचा आहे म्हणून यांत्रिकपणे नोंद करायची नाही आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं ठरावीक काळानं तपासणी करायची."

"तपासणीत निकालाचा रकाना आधी बघावा," सुनीता म्हणाली. "सुटला असेल तर तसं ठळक लिहावं."

"त्याला कोर्टातून निकालाची प्रत आणावी लागते. पैरवीला, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करायला, ठाण्यात माणसं मोजकीच."

"मग पैरवीच्या अंमलदाराला दर महिन्याला सुटलेल्यांची यादी द्यायला सांगा. एका पानाचं काम आहे ते, अण्णा."

अण्णांनी खिशातून डायरी काढली आणि ते लिहून घेतलं.